कोरी जाळी सुधारते तेव्हा: हायड्रोजनच्या स्वस्त उत्प्रेरकाचं एक कोल्हापुरी प्रकरण

रात्री साडेनऊला विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, कोरी जाळी परत सुधारलीय." आवाज रडवेला होता आणि तिचं रडवेलं होणं अगदी रास्त होतं.

आम्ही विजेनं पाणी फोडून हायड्रोजन काढायला स्वस्त उत्प्रेरक शोधत होतो, निकेलच्या जाळीवर वेगवेगळे लेप चढवून. कोरी जाळी म्हणजे निकेलची साधी विणलेली जाळी. तिच्यावर आम्ही काहीही चढवलेलं नव्हतं. आमच्या लेपाच्या जाळ्या तिच्यापेक्षा किती बऱ्या आहेत, हे कळावं म्हणून ती ठेवलेली. शर्यतीत कोण किती पुढे गेलं हे मोजायला खांब रोवतात, तशी. आता खांबच रोज दोन पावलं पुढे सरकायला लागला तर मोजायचं काय? पहिल्या दिवशी दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर प्रवाह काढायला त्या जाळीला १.६१ व्होल्ट लागत होते. हा आकडा जितका कमी, तितकी जाळी चांगली. सहाव्या दिवशी आकडा १.५३ वर आला होता. आमच्या सगळ्यात लाडक्या लेपाची जाळी तिच्या जेमतेम पासष्ट मिलिव्होल्ट पुढे उरली होती.

त्या आठवड्यात जे हाती लागलं ते महिनाभराच्या ठरवून केलेल्या कामातून लागलं नव्हतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय.

प्रश्न आला कुठून

मी कोल्हापुरात रसायनशास्त्र शिकवतो. आमची प्रयोगशाळा छोटी आहे: एक पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज ठरवून प्रवाह मोजणारं यंत्र), एक भट्टी, एक ऑटोक्लेव्ह (दाबाखाली तापवायचं बंद पात्र) आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंती. पातळ थर बसवायचं काम या शहराला नवं नाही. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात ते कित्येक दशकं चालत आलंय आणि इथल्या अर्ध्याअधिक महाविद्यालयांत त्या तालमीत तयार झालेलं कुणी ना कुणी शिकवत असतं. त्यामुळे 'लेप' म्हटलं की लोक आमच्याकडे येतात.

तसे गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले एक कारखानदार आले. वडिलांपासून मशीनिंगचा धंदा, पंपांचे आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनबद्दल त्यांनी वाचलं होतं: जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी, १९,७४४ कोटींची तरतूद, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट. त्यांचा हिशेब सरळ होता. पाणी फोडणारी एवढी यंत्रं, म्हणजे इलेक्ट्रोलायझर, लागणार तर त्यांच्या फ्रेमा, प्लेटा, गॅस्केटं कुणीतरी करणारच, मग आपणच का नको? पाच सेलचा छोटा स्टॅक, म्हणजे एकाला एक लावून रचलेले सेल, त्यांनी स्वतः जुळवलाही होता, एकेका जाळीचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर. अडलं होतं एकाच ठिकाणी.

"सर, जाळीवर लेप कुठला द्यायचा तेवढं सांगा. स्वस्तातला. ते प्लॅटिनम-बिटिनम आपल्याला झेपायचं न्हाई."

प्लॅटिनमची भीती लोकांच्या मनात बसलीय ती पीईएम इलेक्ट्रोलायझरमुळे. त्यात मध्ये आम्लधर्मी पडदा असतो. त्या आम्लात ऑक्सिजनच्या बाजूला टिकून काम करणारा धातू म्हणजे इरिडियम, आणि हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनम लागतं. इरिडियम जगभरात वर्षाला साधारण ७-८ टनच निघतं, तेही बहुतेक दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणींतून हाताला लागतं तेवढंच. सोनं खाणींतून वर्षाला ३,००० टनांहून जास्त निघतं, ही गोष्ट गुजरीतल्या सराफाला सांगितली की त्याला पुढचं काही समजावून द्यावं लागत नाही.

क्षारीय इलेक्ट्रोलायझर मात्र वेगळ्या घरातला. त्यात २५ ते ३० टक्के कॉस्टिक पोटॅशचं द्रावण, मध्ये सच्छिद्र पडदा आणि दोन्ही बाजूंना निकेल. हे काही आजचं नाही. पंजाबात नांगलच्या खत कारखान्यात १९६० च्या दशकात भाक्राच्या विजेवर पाणी फोडून हायड्रोजन काढत होते आणि त्याचा अमोनिया करत होते. 'हरित हायड्रोजन' हा शब्दच तेव्हा नव्हता. मग आम्ही नवं शोधत होतो तरी काय?

फळ्यावरचा हिशेब

कारखानदारांसमोर मी फळ्यावर एकच गणित मांडलं. एक किलो हायड्रोजनसाठी २६,६०० अँपिअर-तास वीजभार सेलमधून जावा लागतो. हा फॅरेडेचा नियम आहे, त्यात घासाघीस चालत नाही. त्याला सेलच्या व्होल्टेजनं गुणलं की लागणारी वीज मिळते. म्हणजे एका व्होल्टमागे २६.६ युनिट. सेल २ व्होल्टवर चालत असेल तर किलोला ५३ युनिट. तत्त्वतः पाणी १.२३ व्होल्टला फुटतं. लागणारी उष्णताही विजेतूनच द्यायची म्हटलं तर १.४८ व्होल्ट, म्हणजे ३९.४ युनिट. यावर जे काही लागतं ते जादा व्होल्टेज, आणि उत्प्रेरकाची सगळी करामत या जाद्यातच असते.

०.१ व्होल्ट कमी झाला की किलोमागे २.६६ युनिट वाचतात. आठ रुपये युनिट धरलं तर २१ रुपये. "किलोला एकवीस? आणि लेपाला खर्च किती?" त्यांनी विचारलं. बरोबर प्रश्न होता. लेप पाच वर्षं टिकला तर त्याचा खर्च हिशेबातून जवळजवळ पुसला जातो. तीन महिन्यांत उडाला तर फुकटचा लेपही महागात पडतो.

त्यांचा स्टॅक २० अँपिअरवर चालवला तर पाच सेल मिळून तासाला ३.८ ग्रॅमच्या आसपास हायड्रोजन निघतो. एक किलो व्हायला अकरा दिवस. हे ऐकून ते जरा वेळ गप्प बसले. हायड्रोजन इतका हलका आहे की त्याचा एक किलो म्हणजे केवढा मोठा पसारा, हे आकडे मांडल्याशिवाय कुणालाच पटत नाही.

जाद्या व्होल्टेजचा मोठा वाटा ऑक्सिजनच्या बाजूला जातो. हायड्रोजनला दोन इलेक्ट्रॉन पुरतात. ऑक्सिजनच्या एका रेणूसाठी चार इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्यानं काढावे लागतात आणि प्रत्येक टप्प्याला गाडी अडखळते. म्हणून आधी ती बाजू घ्यायची ठरली. तीन जाळ्या: एक कोरी. दुसरीवर ऑटोक्लेव्हमध्ये युरियाबरोबर १२० अंशांवर रात्रभर ठेवून चढवलेला निकेल-लोखंडाचा स्तरित हायड्रॉक्साइड, शोधनिबंधांत ज्याचा फार बोलबाला आहे तो. तिसरीवर उद्यमनगरच्या प्लेटिंगवाल्या मामांकडून विजेनं चढवलेलं निकेल-लोखंड.

ऑटोक्लेव्हच्या जाळीनं पहिल्याच दिवशी आम्हाला चढवून ठेवलं. विद्यार्थिनीनं आलेख काढला: १० मिलिअँपिअरला फक्त १९० मिलिव्होल्ट जादा. जागतिक दर्जाचा आकडा. पण त्या आलेखात १.४ व्होल्टच्या अलीकडे एक उंचवटा होता. तिथं निकेल स्वतःच पुढच्या अवस्थेत जातं आणि त्यासाठी प्रवाह खातं. तो प्रवाह ऑक्सिजनचा नव्हता, निकेलच्या रंगबदलाचा होता. व्होल्टेज उलट्या दिशेनं, वरून खाली आणत मोजलं तर १९० चे २३५ झाले. हा सापळा सगळ्यांना माहीत असतो आणि तरीही बहुतेकजण त्यात एकदा तरी पडतात.

संशयित

आता पुन्हा कोऱ्या जाळीकडे. ती सुधारतेय याला साधी कारणं असू शकत होती. खोलीचं तापमान वाढलं असेल? नाही, वॉटर बाथ २५ अंशांवर होता. ज्याच्या मानानं व्होल्टेज मोजतो तो संदर्भ इलेक्ट्रोड सरकला असेल? पाऱ्याचा दुसरा इलेक्ट्रोड लावून पाहिला, आकडा तोच. जाळीचा पृष्ठभाग खरखरीत होऊन क्षेत्रफळ वाढलं असेल? थोडं वाढलं होतं, पण ऐंशी मिलिव्होल्ट उतरण्याइतकं नाही.

मग विद्यार्थिनीनं जे केलं ते मला सुचलं नव्हतं, हे कबूल करतो. तिनं पाकिटातून नवीकोरी जाळी काढली आणि त्याच सहा दिवस जुन्या द्रावणात सोडली. नवी जाळी दोन तासांत खाली उतरली. म्हणजे सुधारत होतं ते द्रावण. जाळीचा काही संबंध नव्हता.

आम्ही कॉस्टिक पोटॅशचं १ मोलरचं द्रावण एका छोट्या पंपानं टाकीतून फिरवत होतो. त्याचा थोडा नमुना घेतला, हायड्रोक्लोरिक आम्लानं आम्लधर्मी केला आणि थायोसायनेटचे थेंब टाकले. लोखंडाची ही शाळेतली परीक्षा. ताज्या द्रावणात जवळपास काहीच दिसलं नाही. सहा दिवसांच्या द्रावणाला पातळ केलेल्या कोकम सरबतासारखी गुलाबी झाक आली. आम्लातच लोखंड असेल तर फसगत होते, म्हणून नुसत्या आम्लावरही तीच परीक्षा केली. ते स्वच्छ निघालं.

लोखंड आलं कुठून, हे कोडं मामांनी सोडवलं. दुसऱ्या दिवशी ते जाळ्यांची नवी खेप द्यायला स्कूटरवरून आले. टेबलाशी उभे राहून त्यांनी सगळं ऐकलं, आणि पंपाकडे वाकून बघत म्हणाले, "ताई, ह्या पंपाला आत नट कसला हाय?"

"स्टेनलेस आहे, मामा. बिलावर तसंच आहे."

त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं. प्लेटिंगवाल्याच्या खिशात ते असतंच, कारण गिऱ्हाईक सांगतं त्या धातूवर त्यांचा विश्वास नसतो. पंप उघडला. आतला नट टक्कन चिकटला. वरचा निकेलचा मुलामा कॉस्टिकमध्ये राहून जागोजाग उडाला होता आणि खालचं लोखंड काळपट पडलं होतं.

"आमच्या बाथमधी लोखंड आलं की जॉब बिघडतो. खरखर येती," मामा सांगत होते. "मग आम्ही पेरॉक्साइड घालतो, पीएच चढवतो, तांबडा गाळ खाली बसला की फिल्टर करतो. लोखंड काढायला माझा महिन्याचा निम्मा ताप जातो. आन् तुम्ही मुद्दाम घालालाय!"

मुद्दाम घालत होतो, हे खरंच होतं. लेपात घालत होतो. आणि ते बाहेरूनही, न बोलावता येत होतं.

जुनीच गोष्ट

निकेलच्या इलेक्ट्रोडवर लोखंडाचा अंश आला की ऑक्सिजन सहज सुटतो, हे डेनिस कॉरिगन यांनी १९८७ मध्येच नीट दाखवून दिलं होतं. निकेलच्या बॅटऱ्या बनवणाऱ्यांना तर ते शाप म्हणून माहीत होतं, कारण चार्जिंगची वीज बॅटरीत न साठता ऑक्सिजनचे बुडबुडे काढण्यात जाते. त्यांची डोकेदुखी ती पाणी फोडणाऱ्याची चांदी. पुढे २०१४ मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या एका गटानं दाखवलं की कॉस्टिक पोटॅश कसोशीनं शुद्ध केलं तर निकेल हायड्रॉक्साइड स्वतः फारसा चांगला उत्प्रेरक नाहीच. इतकी वर्षं त्याच्या नावावर जमा झालेलं कर्तृत्व बरंचसं अशुद्धीतल्या लोखंडाचं होतं.

शुद्ध करायची त्यांची रीत सोपी आहे आणि कुठल्याही महाविद्यालयात जमते. निकेलच्या क्षाराच्या द्रावणात थोडं कॉस्टिक टाकून हिरवट निकेल हायड्रॉक्साइड पाडायचं, धुवायचं आणि आपल्या द्रावणात घालून ढवळायचं. ते लोखंड शोषून घेतं. मग वरचं निवळलेलं द्रावण अलगद ओतून घ्यायचं. सगळं प्लॅस्टिकच्या भांड्यांत, कारण काचेला कॉस्टिक खातं आणि काचेतलंही काहीबाही द्रावणात उतरतं. पंप बदलला आणि नळ्या, टाकी पॉलिप्रॉपिलीनच्या केल्या.

शुद्ध द्रावणात कोरी जाळी १.६२ ला अडली ती अडलीच. आठवडाभर हललीसुद्धा नाही. आमचा खांब जागेवर आला.

आणि मग जे दिसलं त्यानं आमचा थोडा हिरमोड झाला. ऑटोक्लेव्हची जाळी आणि मामांच्या टाकीतली जाळी यांच्यात १० मिलिअँपिअरला पंधरा-वीस मिलिव्होल्टचाच फरक उरला. २०० मिलिअँपिअरला, म्हणजे खरा स्टॅक जिथं चालतो तिथं, फरक जवळजवळ मिटला, कारण तिथं बुडबुडे आणि द्रावणाचा रोध यांचाच जोर असतो. शोधनिबंधांत हा रोध गणितानं वजा करून आकडा देतात. महावितरणचं बिल असं वजा होऊन येत नाही.

कारखानदार दुसऱ्या दिवशी बघायला आले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे सर, टाकीत चार गंजलेलं खिळं टाकलं की झालं?"

हसू आलं, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. टाकीतलं लोखंड फक्त हव्या त्या बाजूला जाऊन बसत नाही. हायड्रोजनच्या जाळीवर ते धातू होऊन काळ्या थरासारखं चढतं आणि पडद्याच्या छिद्रांतही अडकू शकतं. उलट द्रावण अगदी शुद्ध ठेवलं तर लेपातलं लोखंड हळूहळू द्रावणात निघून जातं आणि जाळी पुन्हा मंदावते. २०२० मध्ये अर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी दाखवलं की काम चालू असताना पृष्ठभागावरचं लोखंड सतत विरघळत आणि परत बसत असतं. द्रावणात त्याचा अगदी किंचित अंश राहिला तरच या जा-येचा तोल टिकतो. म्हणजे लोखंड हवंय, पण दहा लाख भागांत एखाद्या भागाहूनही कमी, आणि कुठून येतंय हे माहीत असलेलं. खिळे टाकून ते साधत नाही. मीठ चिमटीनं घालायचं असतं, आणि ती चिमूट आपली असावी लागते.

प्लॅटिनमचं भूत

हायड्रोजनच्या बाजूची गोष्ट थोडक्यात सांगतो. तिथं आम्ही निकेल-मॉलिब्डेनमचा लेप घेतला होता, कॉस्टिकमध्ये चांगला म्हणून जुना, नावाजलेला. तोही दिवसागणिक सुधारायला लागला. एकदा हात पोळल्यानं आम्ही लगेच सावध झालो. या वेळी चोर समोरच टांगलेला होता: प्रतिइलेक्ट्रोड म्हणून, म्हणजे प्रवाहाचं दुसरं टोक म्हणून, लावलेली प्लॅटिनमची तार. प्रयोग चालू असताना तिच्यातलं अगदी किंचित प्लॅटिनम विरघळतं, द्रावणातून पलीकडे जातं आणि आपल्या 'प्लॅटिनममुक्त' लेपावर बसतं. तारेच्या जागी ग्रॅफाइटची कांडी लावून नवा लेप घेतला, आणि सुधारणा थांबली. लेप साध्या निकेलहून बरा होता, पण आधीच्या आलेखातला चमत्कार उसना होता.

स्वस्त उत्प्रेरकाच्या प्रयोगात प्लॅटिनमची तार लावणं म्हणजे उपवासाच्या खिचडीत कांदा टाकण्यासारखं आहे. तरीही ते सर्रास चालतं, कारण ती तार प्रत्येक प्रयोगशाळेच्या कपाटात असते.

अंगठा

खरी परीक्षा कारखान्यात झाली. मामांच्या जाळ्या बसवून पाच सेलचा स्टॅक २० अँपिअरवर चालू केला. दिवसा चालू, संध्याकाळी बंद. सौरऊर्जेवर चालवायचं तर असंच चालणार, म्हणून मुद्दाम तसंच ठेवलं. मधूनमधून वीज जायची ती वेगळी.

बंद केल्यावर मीटर लावला तर स्टॅकवर अजून व्होल्टेज होतं. तोपर्यंतच्या कामानं त्याची एक बॅटरीच झालेली होती: एका बाजूला पुढच्या अवस्थेत गेलेलं निकेल, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन. सगळ्या सेलना द्रावण एकाच सामायिक वाटेनं येतं, त्यामुळे त्या वाटेनं उलटा प्रवाह वाहत राहतो आणि हायड्रोजनच्या जाळ्या हळूहळू गंजण्याच्या दिशेला ढकलल्या जातात. मॉलिब्डेनम अशा वेळी सगळ्यात आधी साथ सोडतं. तो लेप आम्ही तिथंच बाद केला.

दोन आठवड्यांनी फिल्टरमध्ये काळे पापुद्रे सापडले. स्टॅक उघडला. ऑक्सिजनच्या पाचांपैकी दोन जाळ्यांवरून लेप उडाला होता. मामांना बोलावलं तेव्हा ते आधी रागावलेच. "माझा जॉब उडत न्हाई, सर. चाळीस वर्षं झाली."

एक जाळी त्यांनी उजेडाकडे धरली, तिरपी केली, चष्मा वर सरकवला. मग विद्यार्थिनीला जवळ बोलावलं आणि बोट ठेवलं. लेप उडालेला डाग लंबगोल होता, सव्वा इंचाचा, एका कडेला जरा निमुळता. त्यांनी आपला अंगठा त्यावर ठेवला. तंतोतंत बसला.

"कुणीतरी धरलीय. धुतल्यावर, माझ्याकडं येण्याआधी."

आम्हीच धरली होती. जाळ्या ॲसिटोननं धुऊन, वाळवून, हातमोजे न घालता पिशवीत भरून आम्ही त्यांच्याकडे पाठवल्या होत्या. हाताचं तेल निकेलवर राहिलं आणि त्यावर लेप बसला खरा, पण धरला नाही. शिवाय त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी आम्ही वाचलेल्या एकाही निबंधात ठळकपणे नव्हती. निकेल हवेत राहिलं की त्यावर न दिसणारा ऑक्साइडचा थर येतो. त्यामुळे निकेलवर निकेल सरळ चढत नाही. आधी क्लोराइडच्या जोरकस आम्लधर्मी बाथमध्ये 'स्ट्राइक' मारावा लागतो, मिनिट-दोन मिनिटांचा पातळ थर, आणि मग पाण्यातून काढून न वाळवता थेट पुढच्या टाकीत. पहिल्या खेपेला आम्हीच त्यांना घाई करून स्ट्राइक गाळायला लावला होता. तेव्हा त्यांनी एकदा विचारलंही होतं, "स्ट्राइक नको?" आम्ही म्हटलं होतं, नको, निकेलच तर आहे.

दुसरी खेप त्यांच्या पद्धतीनं झाली. जाळ्या त्यांनीच धुतल्या, त्यांच्या पोरानं हँगरला लावल्या. लेप झाल्यावर एक जाळी मुद्दाम काटकोनात वाकवून बघितली, वाकलेल्या जागी चिकटपट्टी लावून ओढली. पट्टीवर काहीच आलं नाही. हायड्रोजनच्या बाजूला त्यांच्याच टाकीतलं साधं निकेल घेतलं, चमक आणणारं द्रव्य न घालता, जेवढं खरखरीत येईल तेवढं येऊ दिलं. गिऱ्हाईकानं असा जॉब मागितला तर ते परत पाठवतात, असं म्हणत त्यांनी तो दिला.

संध्याकाळच्या उलट्या प्रवाहावर कारखानदारांनी स्वतःच तोड काढली. रात्रभर थोडा प्रवाह चालू ठेवणं हा एक मार्ग असतो, पण कमी प्रवाहावर पडद्यातून हायड्रोजन पलीकडे जायचं प्रमाण ऑक्सिजनच्या मानानं वाढतं. ऑक्सिजनमध्ये सुमारे चार टक्के हायड्रोजन झाला की ते मिश्रण पेटू शकतं. त्यांनी सरळ खाली एक कॉक बसवला. बंद करताना द्रावण टाकीत उतरवायचं आणि स्टॅकमध्ये नायट्रोजन सोडायचा. सामायिक वाटच कोरडी पडली तर उलटा प्रवाह वाहणार कशातून?

काय ठरलं

ऑटोक्लेव्हचा लेप आम्ही कारखान्यासाठी सोडून दिला. तो वाईट म्हणून नाही. आमच्या ऑटोक्लेव्हमध्ये दोन बाय दोन सेंटिमीटरचे तुकडे मावतात. १०० चौरस सेंटिमीटरच्या जाळ्यांसाठी मोठं दाबपात्र लागेल, रात्रभर तापवायचा खर्च होईल आणि एका खेपेत मोजक्याच जाळ्या निघतील. मामांच्या टाकीत एका हँगरला दहा लटकतात आणि तासाभरात उतरतात. पंधरा मिलिव्होल्टचा फरक टिकला असं धरलं तरी किलोमागे ०.४ युनिट वाचतं, आठच्या दरानं तीन-सव्वातीन रुपये. त्यासाठी एवढा खटाटोप कारखानदारांना परवडणारा नव्हता, आणि मलाही तो त्यांच्या गळ्यात बांधायचा नव्हता. माझ्या विद्यार्थिनीला मात्र निबंध त्या जाळीवरच लिहायचा होता. तिनं तो लिहिला, पण कोऱ्या जाळीचे सहा दिवसांचे आकडे आणि पंपातल्या नटाचा फोटो त्यात घातला. एका परीक्षकानं फोटो काढून टाकायला सांगितलं. तिनं काढला नाही.

कॉस्टिक पोटॅशची प्रत्येक नवी गोणी आता आधी थायोसायनेटनं तपासतो. व्यापारी दर्जाच्या मालात लोखंड असतंच, आणि ते गोणीगणिक बदलतं. कारखानदार त्याला 'सरबत टेस्ट' म्हणतात. भिंतीवर रंगांचा एक कागद चिकटवलाय, कुठल्या झाकेपर्यंत चालेल त्यावर लाल रेघ.

स्टॅक अजून चालू आहे. परवा उद्यमनगरात गेलो होतो तेव्हा मामा बाथ साफ करत होते. फिल्टरमधून काढलेला तांबूस-हिरवट गाळ प्लॅस्टिकच्या डब्यात ओला पडला होता, निकेलच्या टाकीतून पेरॉक्साइडनं बाहेर काढलेलं लोखंड, सोबत थोडं निकेल. हा गाळ घातक कचरा म्हणून पैसे देऊन विल्हेवाटीला पाठवावा लागतो. मामांनी डबा पायानं माझ्याकडे सरकवला.

"सर, ह्यो पाठवू, का तुम्हाला ठेवू?"